सेंट पँक्रसच्या जुन्या रेल्वे हॉटेलात पहिल्यांदा राहायला जाताना

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेलच, निदान ओव्हल मैदानावरच्या क्रिकेटमागे उभा असलेला तरी. त्याचा आराखडा काढणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. टॉवर, ग्रंथालय आणि शेजारचं दीक्षान्त सभागृह या सगळ्यांचे नकाशे त्यानं लंडनहून पाठवले. त्याच वर्षांत लंडनमध्ये त्याची आणखी एक इमारत उभी राहत होती. सेंट पँक्रस स्टेशनच्या तोंडावरचं, मिडलंड रेल्वे कंपनीचं मिडलंड ग्रँड हॉटेल. मुंबईत कुर्ल्याचा पिवळट दगड, लंडनमध्ये लालभडक वीट, पण टोकदार कमानी, कोरीव खांब आणि आकाशात घुसणारे कळस बघितले की दोघी बहिणी आहेत हे लगेच कळतं.

हे हॉटेल १८७३ मध्ये सुरू झालं आणि १९३५ मध्ये बंद पडलं. बंद पडण्याचं कारण मजेशीर आहे. स्कॉटनं आगीची भीती नको म्हणून मजल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या केल्या होत्या. पुढे लोकांना खोलीलाच जोडून न्हाणीघर हवंसं झालं, आणि या जाड जमिनी-भिंतींतून नळ फिरवणं परवडेना. तीनशे खोल्या आणि मोजकी न्हाणीघरं, म्हणजे हंडे वाहणाऱ्या नोकरांची फौज. मग इथे रेल्वेच्या कचेऱ्या आल्या. साठच्या दशकात पाडायचा बेत होता. जवळच्याच युस्टन स्टेशनची प्रसिद्ध कमान तोवर पाडून झालेली होती. कवी जॉन बेटजमन आणि इतरांनी आवाज उठवला आणि १९६७ मध्ये इमारतीला वारसा यादीतला पहिला दर्जा मिळाला. ऐंशीच्या दशकात आगीच्या नियमांत बसेना म्हणून कचेऱ्याही गेल्या. त्यानंतर वीसेक वर्षं आत कबुतरं. शेवटी मोठी डागडुजी होऊन मार्च २०११ मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून दारं उघडली आणि ५ मे रोजी रीतसर उद्घाटन झालं.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. आल्यावर ओळखीच्यांनी इतके प्रश्न विचारले की एकदाच सगळं लिहून काढावं असं वाटलं. युरोपातल्या कुठल्याही जुन्या, पुन्हा सजवलेल्या हॉटेलला यातलं बरंचसं लागू पडेल. पण उदाहरण मी जिथे राहिलो तिथलंच देतो.

१. जुन्या भागातली खोली की नव्या?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

युरोपातल्या दुसऱ्या एका शहरात आम्ही पूर्वी दीडशे वर्षांच्या एका हॉटेलात मोठ्या हौसेनं खोली घेतली होती. फोटोत झुंबर, संगमरवरी जिना, छतावर देवदूत. प्रत्यक्षात सामान घेऊन मुलगा आम्हाला झुंबराखालून, जिन्यापुढून, मागच्या दारानं अंगणापलीकडच्या एका ठोकळ्यासारख्या इमारतीत घेऊन गेला. खोली स्वच्छ होती, पलंग मऊ होता, आणि तसा पलंग पुण्यातही मिळतो. हिनं सामान ठेवलं आणि म्हणाली, “देवदूत कुठायत?” बुकिंगच्या पानावर लिहिलेलं होतं सगळं. मीच नीट वाचलं नव्हतं.

अशा हॉटेलात तुम्ही पैसे देता ते पलंगाचे नाही, भिंतींचे. म्हणून आपल्याला भिंती कुठल्या मिळणार हे आधी बघायचं. सेंट पँक्रसमध्ये दोन भाग आहेत. स्कॉटच्या मूळ इमारतीतल्या खोल्यांना चेंबर्स सुईट म्हणतात. त्या थोड्याच आहेत, महाग आहेत, आणि उंच छत, जुन्या खिडक्या, कोरीव काम हे सगळं तिथे आहे. बाकीच्या बहुतेक खोल्या मिडलंड रोडच्या बाजूनं जोडलेल्या बार्लो नावाच्या नव्या भागात आहेत. वीट बाहेरून मिळतीजुळती, आतून नव्या हॉटेलसारखं. त्या वाईट आहेत असं नाही, पण लॉबी, जिना आणि जुनी तिकीट खिडकी बघायला तुम्हाला तिथून चालत यावं लागेल.

परवडत नसेल तर माझा सल्ला सरळ आहे. तीन रात्री नव्या भागात काढण्यापेक्षा एकच रात्र जुन्या भागात काढा आणि बाकीच्या दोन रात्रींसाठी शेजारच्या गल्लीत साधं हॉटेल घ्या. सामान हलवायला पाच-दहा मिनिटं लागतात.

खोली मागताना आपली एक सवय आड येते. आपण “जरा वरचा मजला द्या, व्ह्यू चांगला” म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या हॉटेलात हे उलटं असतं. जिने चढायचे म्हणून श्रीमंत खाली राहत, पहिल्या मजल्यावर छत सगळ्यात उंच आणि काम सगळ्यात नक्षीदार. वर जाल तसं छत उतरत जातं आणि नक्षीही उरकती होते. सेंट पँक्रसच्या अगदी वरच्या मजल्यांवर तर आता खासगी घरंच आहेत. तेव्हा खालचा मजला मिळाला तर नाक मुरडू नका.

बुकिंग झालं की हॉटेलला एक ईमेल टाका. खोली मूळ इमारतीत आहे ना, ती रस्त्याकडे आहे की स्टेशनच्या छताकडे, आणि न्हाणीघरात टब आहे की शॉवर, हे तीनच प्रश्न. रस्त्याकडे युस्टन रोडची वर्दळ असते, स्टेशनकडे खाली पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारच्या गाड्या दिसतात. ज्याला रेल्वेचं वेड आहे त्यानं रस्त्याकडच्या खोलीचा विचारही करू नये. गुडघे दुखत असतील तर टबच्या काठावरून पाय टाकणं जड जातं, म्हणून तिसरा प्रश्न.

नावाचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो. २०११ पासून बरीच वर्षं हे सेंट पँक्रस रेनेसान्स म्हणून ओळखलं जात होतं. आता ते त्याच मॅरियट कंपनीच्या ऑटोग्राफ कलेक्शन या नावाखाली आहे. जुन्या प्रवासवर्णनांत जुनं नाव दिसेल, हॉटेल तेच.

२. पैसे

दर विमानाच्या तिकिटासारखे रोज हलतात. साध्या खोलीलाही बहुतेक दिवशी अडीचशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, जुन्या भागातल्या सुईटला त्याच्या दुपटीहून जास्त. हिशेबाला पौंडाचा भाव जरा चढाच धरा म्हणजे नंतर धक्का बसत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी स्वस्त. थंडी असते, पण आपण इमारत बघायला चाललोय, बागा नव्हे. जून-जुलै आणि नाताळ टाळा. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या दरात बहुधा २० टक्के व्हॅट धरलेला असतो, त्यामुळे आपल्याकडच्यासारखा शेवटी जीएसटीचा ठोसा नसतो. पॅरिस किंवा रोमला मात्र खोलीच्या दरावर शहराचा कर वेगळा, माणशी आणि रात्रीप्रमाणे, बहुधा हॉटेलातच द्यावा लागतो.

दोन प्रकारचे दर दिसतील. एक स्वस्त, पण पैसे परत न मिळणारा. दुसरा थोडा महाग, पण ठरावीक तारखेपर्यंत रद्द करता येणारा. व्हिसा हातात येईपर्यंत दुसराच घ्यायचा. दहा टक्क्यांच्या लोभानं पहिला घेणाऱ्यांची हळहळ मी ऐकलेली आहे.

कार्डाचं नीट समजून घ्या. पोचल्यावर हॉटेल तुमच्या कार्डावर अनामत अडकवून ठेवतं, म्हणजे खोलीचे उरलेले पैसे आणि वर दर रात्रीमागे काही रक्कम. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढे वापरता येत नाहीत, आणि हॉटेल सोडल्यावर ते मोकळे व्हायला कामाचे काही दिवस लागतात. फॉरेक्स कार्डावर मोजून पैसे भरून नेलेत तर त्या अडकलेल्या पैशांपायी तुमची पुढची सगळी सहल अडते. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या आणि शेवटचं बिल हवं तर फॉरेक्स कार्डानं भरा. यंत्रावर “रुपयांत की पौंडांत” असं विचारलं तर डोळे मिटून पौंड निवडा. रुपयांत भरायची सोय ही आपल्या सोयीसाठी नसते.

३. व्हिसा

लंडन युरोपात असलं तरी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, तिथे चालत नाही. ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा वेगळा, तो साधारण सहा महिन्यांचा मिळतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे बोटांचे ठसे द्यायची केंद्रं आहेत.

महागड्या हॉटेलचं बुकिंग जोडलं की अर्ज भारदस्त दिसतो असा एक समज आहे. ते बुकिंग तुमच्या पगाराशी आणि बँकेच्या खात्याशी जुळत नसेल तर उलट प्रश्न उभा राहतो. वाढदिवस आहे, म्हणून दोन रात्री तिथे आणि बाकी दिवस नातेवाइकांकडे, असं आम्ही साध्या चार ओळींत लिहून दिलं होतं.

सेंट पँक्रसहून पुढे रेल्वेनं पॅरिसला जाणार असाल तर शेंगेन व्हिसा भारतातूनच घेऊन निघा.

४. विमानतळाहून

हीथ्रो विमानतळाहून भूमिगत रेल्वेची पिकॅडिली लाइन थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला येते. तासभर लागतो, सगळ्यात स्वस्त, आणि स्वतःचं बिनासंपर्क (कॉन्टॅक्टलेस) बँक कार्ड दारावर टेकवलं की काम झालं. दोघांनी दोन वेगळी कार्डं वापरायची, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइननं फॅरिंग्डन आणि तिथून थेम्सलिंकनं सेंट पँक्रस. थोडी महाग, पण डबे रुंद आहेत.

भूमिगत स्टेशनातून बाहेर येताना किंग्ज क्रॉसच्या पाट्यांमागे जाऊ नका. ते शेजारचं वेगळं स्टेशन, नातवंडांची हॅरी पॉटरची ट्रॉली तिथे आहे. आपल्याला युस्टन रोडच्या बाजूनं वर यायचं. आणि पहिल्यांदा जाताना स्टेशनाच्या आतल्या वाटेनं हॉटेलात शिरू नका. रस्त्यावर या, पलीकडच्या फुटपाथवर जा, बॅगा खाली ठेवा आणि दोन मिनिटं बघा. स्वतः स्कॉटनंच म्हणून ठेवलंय की ही इमारत तिच्या कामाच्या मानानं जरा जास्तच चांगली झाली. मराठी माणसानं असं म्हटलं असतं तर आपण त्याला शिष्ट म्हटलं असतं. समोर उभं राहिलं की पटतं.

५. काउंटरवर

मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी पोचतं आणि अशा हॉटेलांत खोली दुपारी तीनच्या सुमाराला मिळते. हे आधीच मनात धरा, म्हणजे सकाळी आठला काउंटरवर चेहरा पडत नाही. बॅगा बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवायच्या, पावती खिशात टाकायची आणि बाहेर पडायचं. तोंड धुवायचं असेल, कपडे बदलायचे असतील तर मोकळेपणानं विचारा, ते कुठेतरी सोय करून देतात. औषधं, पासपोर्ट आणि दागिने मात्र बॅगेत ठेवून जाऊ नका.

ज्या काचेच्या छताखाली तुम्ही उभे असता ती लॉबी म्हणजे पूर्वीचा घोडागाड्यांचा रस्ता. बग्ग्या इथून आत येत, उतारू सोडून पुढे निघून जात. वरच्या लोखंडी कमानी निळ्या रंगवलेल्या आहेत.

पासपोर्ट मागतील. राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा नंबर आणि “इथून पुढे कुठे जाणार” असंही विचारतील. या शेवटच्या प्रश्नानं आमच्या एका मित्राला राग आला होता, आपल्यावर संशय घेतायत असं वाटून. तसं नाही. परदेशी पाहुण्यांची ही नोंद ठेवणं ब्रिटनमधल्या हॉटेलांना कायद्यानं भाग आहे. “पॅरिस” किंवा “परत मुंबईला” एवढं सांगितलं की झालं.

वाढदिवस असेल तर सांगायला लाजू नका. वरच्या दर्जाची खोली मागायची असेल तर हक्कानं नाही, हसून आणि हळू आवाजात, ओळीत मागे कुणी नसताना. मिळाली तर मिळाली.

सामान नेणाऱ्या माणसाला नेऊ द्या. आपली माणसं इथे हमखास “नको नको, मी घेतो” म्हणून बॅग ओढतात आणि दोघंही अवघडतात. तो खोलीत आला की दिवे, पडदे, तिजोरी आणि तापमानाचं बटण त्याच्याकडूनच समजून घ्या. जुन्या इमारतीत ही बटणं कुठल्याही तर्काला धरून नसतात.

६. खोलीत

• इंग्लंडच्या भिंतीत तीन चौकोनी पायांचा प्लग लागतो, आपला गोल पायांचा बसत नाही. ॲडॉप्टर विसरलात तर काउंटरवर मागा, दुकानात विकत घ्यायला धावू नका. विजेचा दाब आपल्यासारखाच, त्यामुळे चार्जर जळायची भीती नाही.

• न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या काचेआड. पडदा असेल तर तो टबाच्या आत सोडायचा. जमिनीवर बादलीभर पाणी ओतलंत तर ते खालच्या पाहुण्याच्या दीडशे वर्षं जुन्या छतातून उतरेल. हँडशॉवर बहुधा नसतो, छोटा मग घरून न्या.

• किटली, चहाच्या पिशव्या, पाण्याची बाटली, झगा, सपाता फुकट. यातल्या सपाता घरी नेता येतात, झगा नाही. लहान फ्रिजमधलं काहीही फुकट नाही, आणि काही ठिकाणी बाटली नुसती उचलून ठेवली तरी बिलावर येते. दूध किंवा इन्सुलिन ठेवायला फ्रिज हवा असेल तर तो रिकामा करून द्यायला सांगा, स्वतः रिकामा करू नका.

आणि उदबत्ती. हिनं हौसेनं घरून चांदीचं निरांजन आणलं होतं, फुलवाती तुपात भिजवून डबीत. वाढदिवसाच्या सकाळी मी काडी ओढणार एवढ्यात माझं लक्ष छतावरच्या धूर ओळखणाऱ्या चकतीकडे गेलं. ज्या इमारतीला आगीच्या नियमांमुळे वीस-पंचवीस वर्षं कुलूप होतं, तिथे ती चकती शोभेची असणार नाही. घंटा वाजली असती तर अख्खं हॉटेल झग्यात युस्टन रोडवर उभं राहिलं असतं. शेवटी न पेटवलेल्या निरांजनानंच औक्षण झालं. हिटर-कुकरवर मुगाची खिचडी लावायचा विचार असेल तर तोही याच कारणानं सोडा.

खोलीचा आकार विचित्र वाटेल. भिंत मध्येच वळते, खिडकी गुडघ्यापासून सुरू होऊन पार वरपर्यंत जाते, कपाट कोपऱ्यात कसंबसं बसवलेलं. वारसा इमारतीत भिंत हलवायला परवानगी लागते, म्हणून फर्निचरच बिचारं जुळवून घेतं. आवडलं नाही असं वाटलं तर लगेच, बॅगा उघडायच्या आधी सांगा. सगळं पसरून झाल्यावर खोली बदलून मागणं कुठेच शोभत नाही.

७. इमारत बघायची कशी

दिवसभर लंडन पालथं घालून रात्री झोपायला येणार असाल तर इथे राहू नका, पैसे वाया जातील. किमान एक अर्धा दिवस हॉटेलातच काढा.

सुरुवात मोठ्या जिन्यापासून. खालून एक म्हणून निघतो, मध्यावर दोन होतो, आणि पुन्हा वर जातो. लोखंडी आधार लपवलेले नाहीत, उघड दाखवून त्यांच्यावर नक्षी केलेली आहे. भिंती लाल, त्यावर सोनेरी छाप, आणि अगदी वर ताऱ्यांनी भरलेलं निळं छत. लिफ्टनं वर जा आणि जिन्यानं सावकाश उतरा, गुडघे आणि डोळे दोन्ही समाधानी राहतात. मी पहाटे साडेसहाला गेलो, कारण विमानप्रवासानं झोप उडालेलीच असते. पूर्ण जिन्यावर मी एकटा. नऊनंतर तिथे नवरा-नवरीचे फोटो काढणारे येतात. जिना हॉटेलच्या पाहुण्यांसाठी असतो, बाहेरच्यांना बहुधा वर सोडत नाहीत, तेव्हा खोलीची चावी जवळ ठेवा.

मग जुनं तिकीटघर. स्टेशनाची खरीखुरी तिकीट विक्रीची खोली आता बार आणि खाण्याची जागा झालीय, लाकडी तावदानं आणि उंच कमानी तशाच. इथे बाहेरच्या कुणालाही बसता येतं. म्हणजे राहणं परवडत नसेल तर एका कॉफीच्या किमतीत तासभर या इमारतीत काढता येतो, हे मी सगळ्या विद्यार्थ्यांना सांगतो. मुख्य भोजनगृहाची भिंत वक्र आहे, कारण रस्त्याच्या बाजूनं इमारतच तिथे वळते. भोजनगृहाची नावं आणि आचारी बदलत राहतात, वळण तेच. तळघरात जिथे वाफेवर चालणारी स्वयंपाकघरं होती तिथे आता लहानसा पोहण्याचा तलाव आहे. पोहण्याचा पोशाख बॅगेत टाका.

त्यानंतर मागच्या दारानं स्टेशनात. हा भाग स्कॉटचा नाही, विल्यम बार्लो नावाच्या इंजिनिअरचा. हॉटेलच्या आधी, १८६८ मध्ये सुरू झालेलं हे लोखंडी-काचेचं छत सुमारे २४० फूट रुंद आहे आणि मध्ये एकही खांब नाही. तेव्हा जगात एवढं मोठं एका झेपेतलं छत नव्हतं. खाली दुकानं आणि युरोस्टारची प्रतीक्षागृहं आहेत ती जागा मूळची बिअरच्या पिंपांची कोठी. बर्टनहून रेल्वेनं बिअर यायची, आणि खालच्या लोखंडी खांबांमधलं अंतर बार्लोनं पिंपांच्या मापावरून ठरवलं. वर बेटजमनचा पुतळा आहे, टोपी सावरत छताकडे बघणारा. इमारत वाचवणाऱ्याला इमारतीत इतकी चांगली जागा क्वचित मिळते.

बाहेर पडायचंच असेल तर जवळचं बघा. शेजारी ब्रिटिश लायब्ररी आहे, तिथल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या जुन्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरांत मुंबई इलाख्याचे ढीगभर कागद आहेत आणि मौल्यवान ग्रंथांचं दालन फुकट बघता येतं. समोरून निघणारा ग्रेज इन रोड धरून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की ग्रेज इन लागतं, बॅरिस्टर घडवणारी जुनी संस्था, बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले ती. ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आता स्मारक आहे. नॉर्दर्न लाइनच्या एजवेअरकडे जाणाऱ्या गाडीनं चॉक फार्मला उतरायचं.

८. खाणंपिणं

खोलीच्या दरात न्याहारी आहे का ते बुकिंग करतानाच बघा. नसेल तर माणशी पंचवीस-तीस पौंड सहज जातात. एक दिवस जरूर घ्या, नीट बसून, घाई न करता. शाकाहारी असाल तर टोस्ट, बीन्स, मशरूम, टोमॅटो, बटाट्याचे तुकडे मिळतात. अंडं आणि सॉसेज नको हे दोन्ही स्पष्ट सांगायचं, कारण तिथे “व्हेजिटेरियन” म्हटलं की अंडं येतंच. जिलेटिन आणि चीजबद्दल विचारलं तर वेटर आत जाऊन खात्री करून येतो, त्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी युस्टनच्या पलीकडे ड्रमंड स्ट्रीटला जा. चालत पंधरा मिनिटं. ही लहानशी गल्ली भारतीय शाकाहारी खाण्यासाठी कित्येक वर्षं प्रसिद्ध आहे, भेळ, डोसा, मिठाई. आमचा राजेशाही वाढदिवस खरं तर तिथल्या स्टीलच्या ताटावर साजरा झाला, हे हिनं सांगू नको म्हटलं होतं.

हॉटेलच्या भोजनगृहात किंवा बारमध्ये बसताना सूट-टायची गरज नाही, पण चप्पल आणि बर्मुडा नको. बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बहुधा आधीच लावलेला असतो. तो असेल तर वर काही ठेवायचं नाही, दोनदा बक्षिसी देणारे आपलेच लोक जास्त.

सामान आणणाऱ्याला दोन ते पाच पौंड, खोली आवरणाऱ्या बाईंसाठी शेवटच्या सकाळी उशीजवळ काही पौंड. काउंटरवरच्यांना पैसे देत नाहीत. कन्सिएर्जनं, म्हणजे पाहुण्यांची बाहेरची कामं करून देणाऱ्या माणसानं, नाटकाची तिकिटं मिळवून दिली किंवा खरोखर धावपळ केली तर द्या. आणि त्याला काम सांगा. त्या कोटावर सोनेरी किल्ल्या लावलेल्या माणसाला आपण घाबरतो आणि सगळं फोनवर शोधत बसतो. इमारतीचा इतिहास सांगणारं कुणी आहे का, हे मी सहज विचारलं आणि अर्धा तास त्यानंच गप्पा मारल्या.

९. निघताना

आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागून घ्या आणि सकाळच्या गर्दीत न वाचता रात्री चहा पीत वाचा. न खाल्लेला बदाम, न घेतलेली न्याहारी दिसली तर शांतपणे दाखवा, लगेच काढून टाकतात. अनामत कधी मोकळी होईल ते विचारा आणि अंतिम पावती ईमेलवर घ्या.

विमान रात्रीचं असेल तर सकाळी खोली सोडून बॅगा पुन्हा बेल डेस्कवर, आणि तुम्ही लॉबीत बसू शकता, कुणी उठवत नाही. पॅरिसला जाणार असाल तर हे जगातल्या मोजक्या हॉटेलांपैकी एक, जिथून दुसऱ्या देशात जायला टॅक्सी लागत नाही. पण पायजमा झटकून धावत गाडी पकडू असं समजू नका. सामानाची तपासणी आणि फ्रान्सचं पासपोर्ट नियंत्रण हे दोन्ही सेंट पँक्रसलाच होतं. तिकिटावर लिहिलेली वेळ पाळा, सुटीच्या दिवसांत दीड तास हाताशी ठेवा. परतीचं विमान पॅरिसहूनच घेतलंत तर उलटा प्रवास वाचतो.

फलाटावर वर आलात की हॉटेल गाडीच्या मागच्या टोकाला असतं. आम्ही डब्यात बसायच्या आधी वळून आमची खिडकी शोधली. पहिली रांग, डावीकडून मोजून सापडली. पडदे पूर्ण उघडलेले होते आणि आत कुणीतरी चादर झटकत होतं.